कादंबरी अडली की मी काय करते

माझी कादंबरी १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरावर आहे. पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं फुटलं, पाणी पुण्यात घुसलं, हे सगळं वाचून कळतं. पण लिहायची ऊर्मी त्यातून येत नाही. ती येते घरातल्या वस्तूंतून. शनिवार पेठेत माझ्या आत्याकडे पितळी डबा आहे, झाकणाच्या खाचेत अजून चिखलाची करडी रेघ. मी चिंचेनं घासायला घेतला तर आत्या म्हणाली, "राहू दे गं, तेवढी रेघ राहू दे." त्या वाक्यावर माझं अख्खं प्रकरण उभं राहिलं.

म्हणून अडलात की माणसांकडे जा. मात्र "पूर कसा होता?" असं विचारू नका. "त्या सकाळी चुलीवर काय होतं?" असं विचारा, आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवा.

रोज पहाटे, कुकर लावायच्या आधी, दोन पानं लिहा. उठताना वाक्य अर्धवट सोडा. दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानाची धास्ती राहत नाही. आणि पहिला खर्डा पुरा होईस्तोवर मागचं दुरुस्त करू नका. मी पहिलंच प्रकरण सात वेळा लिहिलं, त्यात वर्ष गेलं.

मन अगदीच उडालं तर मी लकडी पुलावर जाते. कठड्याला टेकून नदीकडे बघते आणि माझ्या नायिकेला विचारते, पाणी चढतंय, तू आधी काय उचलशील?