चार्ज म्हणजे नेमकं काय? ‘भार’ एवढं लक्षात ठेवा

मोबाईल चार्जिंगला लावला, नवीन साहेबांनी चार्ज घेतला, पोलिसांनी लाठीचार्ज केला, कोर्टात चार्जशीट गेलं, आणि हॉटेलवाल्याने बिलात सर्व्हिस चार्ज लावला. शब्द एकच. डिक्शनरीतली अर्थांची यादी पाठ करायला जाऊ नका, परवापर्यंत विसराल.

मूळ बघा. लॅटिनमध्ये ‘कॅरस’ म्हणजे गाडी, त्यावरून गाडीत माल भरणं, मग जुन्या फ्रेंचमधून तो शब्द इंग्रजीत आला. कार आणि कार्गो ही याच घरातली भावंडं. म्हणजे चार्ज = भार टाकणं, बस्स. आणि गंमत म्हणजे मराठीनेही भारच धरलाय, ऑफिसात कार्यभार आणि प्रभारी, विज्ञानाच्या पुस्तकात धनप्रभार-ऋणप्रभार, सरचार्जला अधिभार.

पैशाच्या बाबतीत मात्र आपण ‘आकार’ म्हणतो. महावितरणचं बिल काढून बघा, स्थिर आकार, वहन आकार, वीज आकार असं लिहिलेलं असतं, ते सगळे चार्जेसच (कितीजण ते वाचतात देव जाणे, सगळे शेवटचा आकडा बघून कपाळाला हात लावतात). इंग्रजीत वस्तूसाठी किंवा कामासाठी पैसे घेतले की ‘फॉर’ येतं: हाऊ मच डू यू चार्ज फॉर डिलिव्हरी? फुकट असेल तर फ्री ऑफ चार्ज.

आता जिथे हमखास चुकतं ते. गुन्ह्याचा आरोप असेल तर ‘फॉर’ नाही, ‘विथ’. ही वॉज चार्ज्ड विथ थेफ्ट, म्हणजे त्याच्यावर चोरीचा आरोप ठेवला. अक्यूज्ड असेल तर ‘ऑफ’, अक्यूज्ड ऑफ थेफ्ट. अक्यूज कुणीही कुणालाही करू शकतं, शेजारीणसुद्धा, पण चार्ज करणं हे कायद्याचं काम. आपल्याकडे बातम्यांत अजून एक घोळ होतो, चार्जशीट म्हणजे दोषारोपपत्र, ते तपास झाल्यावर पोलिस दाखल करतात, आणि चार्ज फ्रेम होणं म्हणजे आरोपनिश्चिती, ती कोर्ट करतं. चार्जशीट आलं म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असं नाही, हे व्हॉट्सॲपवरच्या काकांना कोणीतरी सांगा.

‘इन चार्ज ऑफ’ आणि ‘इन द चार्ज ऑफ’ यात एका छोट्याशा ‘द’ने माणसं उलटी होतात. द नर्स इज इन चार्ज ऑफ द बेबी म्हणजे बाळ नर्सच्या ताब्यात. द बेबी इज इन द चार्ज ऑफ द नर्स, अर्थ तोच, पण ‘द’ विसरलात तर बाळच वॉर्ड चालवतंय असं होतं! चार्ज घेतला याला टेक चार्ज, आणि चार्ज दिला याला हँड ओव्हर चार्ज.

अंगावर धावून जाणं हाही चार्जच, सगळा भार घेऊन आला असं समजा. बैल तुमच्या अंगावर आला तर ‘ॲट’ लावायचं, द बुल चार्ज्ड ॲट मी. स्पिनर टाकत असताना बॅट्समन क्रीज सोडून पुढे धावला तर ही चार्ज्ड डाऊन द पिच, आणि चेंडू हुकला की स्टम्पिंग. लाठीचार्ज हा शब्द मात्र खास आपल्या उपखंडातला.

आणि भार उतरवला की डिस्चार्ज. बॅटरी डिस्चार्ज होते, पेशंटला डिस्चार्ज मिळतो, आणि कोर्टात आरोपीलाही मिळतो, पण त्याला निर्दोष सुटला म्हणू नका, तो आरोपमुक्त झाला, म्हणजे खटला चालवण्याइतकाही पुरावा नव्हता म्हणून आरोपनिश्चितीच्या आधीच सुटला. खटला पूर्ण चालून सुटला तर ते ॲक्विटल.