नवं १९११ पिस्तूल ओरखडा न पाडता कसं खोलायचं, कसं जोडायचं

१९११ पद्धतीचं पिस्तूल नवं घेतलं की पहिल्या एकदोन सफायांतच बऱ्याच जणांच्या हातून एक ठरावीक ओरखडा पडतो. पिस्तुलाच्या डाव्या अंगाला, स्लाइड स्टॉपच्या (वरचा सरकता भाग, म्हणजे स्लाइड, मागे अडकवून ठेवणाऱ्या खटक्याच्या) खाली, केसाएवढी बारीक आणि कमानीसारखी वळलेली रेघ. इथे अमेरिकेत तिला ‘इडियट स्क्रॅच’ म्हणतात. मला ते नाव पटत नाही. हा ओरखडा मूर्खपणामुळे पडत नाही. पिस्तुलाच्या रचनेतली एक अडचण कुणी आधी समजावून सांगितलेली नसते, म्हणून पडतो. माझ्या पहिल्या पिस्तुलावर तो तिसऱ्या दिवशी पडला आणि फार वाईट वाटलं. तुमच्या पिस्तुलावर पडू नये म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

जॉन ब्राउनिंग यांची ही रचना अमेरिकी सैन्याने मार्च १९११मध्ये स्वीकारली आणि १९८५पर्यंत तेच सैन्याचं मुख्य पिस्तूल होतं. आज ते अनेक कंपन्या बनवतात, पण खोलण्या-जोडण्याची पद्धत मुळातली तीच. खाली लिहिलंय ते ५ इंची नळी आणि साधा, आखूड स्प्रिंग गाइड (स्प्रिंगला आतून आधार देणारा भाग) असलेल्या पिस्तुलाबद्दल. तुमच्या पिस्तुलात लांब गाइड रॉड असेल तर खोलण्याचा क्रम वेगळा असतो. सोबत आलेली पुस्तिका आधी वाचा.

हत्याराला हात लावण्याआधी

आधी मॅगझिन (गोळ्यांची पेटी) काढा, मग स्लाइड मागे ओढा. हा क्रम उलटा करू नका. मॅगझिन आत असताना स्लाइड ओढून सोडली तर नवी गोळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी गोळी बसते त्या जागेत, चढते, आणि त्यानंतर मॅगझिन काढलं तरी ती गोळी आतच राहते. स्लाइड मागे अडकवून चेंबरमध्ये डोळ्यांनी बघा आणि करंगळी घालूनही खात्री करा. गोळ्या त्या खोलीतच ठेवू नका. संपूर्ण काम होईपर्यंत नळीचं तोंड सुरक्षित दिशेला राहू द्या.

टेबलावर जाड, स्वच्छ टॉवेल पसरा. जुन्या टॉवेलात धातूचे बारीक कण अडकलेले असतात, म्हणून वेगळा टॉवेल घ्या. हातातली अंगठी, घड्याळ, कडं काढून ठेवा. डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण पुढे एक दाबलेली स्प्रिंग मोकळी करायची आहे. रंगाऱ्यांची कागदी चिकटपट्टी आणि एखादं बाद झालेलं प्लास्टिकचं कार्डही हाताशी असू द्या.

खोलताना

स्लाइड हाताने हळू पुढे न्या. रिकाम्या पिस्तुलाची स्लाइड खाडकन सोडायची सवय लावून घेऊ नका. त्या धक्क्याने ट्रिगरच्या आतल्या भागांवर विनाकारण मार बसतो.

नळीच्या तोंडाखाली स्प्रिंगचं टोपण असतं. ते अंगठ्याने आत दाबा आणि त्यावरचं बुशिंग (नळीच्या तोंडाभोवती बसणारं गोल कडं), तोंडाकडून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, साधारण पाव वळसा फिरवा. नव्या पिस्तुलात बुशिंग घट्ट असतं. पक्कड लावायचा मोह होतो, तो आवरा. बुशिंग फिरवायची प्लास्टिकची चावी स्वस्तात मिळते, तीच वापरा. टोपणावरचा अंगठा मात्र काढू नका. ते निसटलं तर थेट छतावर जाऊन आदळतं, आणि मध्ये चेहरा आला तर इजा होते.

टोपण बाहेर आलं की स्लाइड मागे सरकवत जा. स्लाइडच्या खालच्या कडेला दोन खाचा दिसतील. त्यातली छोटी, अर्धगोल खाच स्लाइड स्टॉपच्या बरोबर वर आली की थांबा. उजव्या बाजूला स्टॉपच्या पिनेचं टोक दिसतं. ते बोटाने दाबा आणि डावीकडून स्टॉप सरळ बाहेर ओढा. टोक हलत नसेल तर खाच नीट जुळलेली नाही. स्क्रूड्रायव्हरने ठोकू नका, स्लाइड कणभर मागेपुढे करा. आता स्लाइड पुढून निघेल. मग स्प्रिंग आणि गाइड काढा, बुशिंग उलट दिशेने फिरवून काढा, आणि नळीखालची लिंक (भोक असलेला छोटा, हलता दुवा) पुढे कलवून नळी पुढून बाहेर घ्या. रोजच्या सफाईसाठी एवढं पुरे. आतला ट्रिगर-हॅमरचा भाग नवशिक्याने खोलू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

सफाई

नव्या पिस्तुलात कारखान्यातलं घट्ट तेल असतं. गोळी झाडण्याआधीच ते एकदा पुसून काढायला हवं. नळी मागच्या बाजूने साफ करा, म्हणजे तोंडाकडच्या कडेला सळईचा घासा बसत नाही. सॉल्व्हंट (सफाईचं द्रावण) लाकडी ग्रिपला, म्हणजे मुठीवरच्या पट्ट्यांना, लागू देऊ नका, पॉलिश उडतं. निकेलचा मुलामा असेल तर अमोनिया असलेलं सॉल्व्हंट अजिबात नको. ग्रिपचे स्क्रू काढायचेच असतील तर खाचेत तंतोतंत बसणारंच पातं घ्या. सैल पातं सटकलं की ओरखडा ठरलेला.

तेल स्लाइडच्या दोन्ही रुळांवर, नळीच्या वरच्या लग्जवर (उंचवट्यांवर), बुशिंग बसतं त्या जागेवर आणि लिंकवर लावा. प्रत्येक ठिकाणी एकदोन थेंब पुरतात. काही दिवसांनी नळीच्या तोंडाजवळ आणि रुळांवर घासलेली, चमकदार जागा दिसेल. ती वापराची खूण आहे, तिची काळजी करू नका.

जोडताना: तो ओरखडा इथेच पडतो

काढलेले भाग उलट क्रमाने स्लाइडमध्ये परत बसवा. मग पिस्तूल उलटं धरून स्लाइड फ्रेमवर (मुठीसकट खालच्या सांगाड्यावर) चढवा. फ्रेमच्या भोकातून पाहा, लिंकचं भोक त्याच्याशी जुळलेलं दिसलं पाहिजे. जुळलं की स्लाइड स्टॉपची पिन त्यातून घाला.

आता स्टॉपच्या मागे, सेफ्टीच्या (चुकून गोळी सुटू न देणाऱ्या खटक्याच्या) दिशेला, फ्रेमवरची बारीक नळी पाहा. तिच्या पुढच्या टोकातून तांदळाच्या दाण्याएवढा एक प्लंजर डोकावतो. त्याच्यामागे स्प्रिंग आहे. हा दाबला गेल्याशिवाय स्टॉप पूर्ण आत बसत नाही. माणूस काय करतो, तर स्टॉप खाली लोंबता ठेवतो, आत दाबतो आणि जोर लावून वर फिरवतो. त्या फिरण्यात स्टॉपची आतली कड फ्रेमवर घासत जाते. ब्लूइंग म्हणजे पोलादावरचा ऑक्साइडचा अतिशय पातळ थर. एका फेरीत तो निघतो आणि खालचं पांढरं लोखंड दिसू लागतं.

म्हणून असं करा. प्लंजरच्या नळीखालच्या भागावर चिकटपट्टीचे दोन थर आधीच लावा. पिन बहुतांश आत जाऊ द्या, पण स्टॉपचा दांडा फ्रेमपासून दोनतीन मिलिमीटर बाहेरच ठेवा. तो बाहेर असतानाच फिरवून जवळजवळ अंतिम जागी आणा. छोटी खाच स्टॉपच्या वर जुळवून धरा. आता प्लास्टिकच्या कार्डाच्या कोपऱ्याने प्लंजर मागे ढकला आणि अंगठ्याने स्टॉप सरळ आत दाबा. ‘टक्’ असा आवाज आला की बसला. दांडा फ्रेमला टेकलेला असताना तो कधीही फिरवायचा नाही, एवढं सांभाळलं तर चिकटपट्टीचीही गरज उरत नाही. पहिल्या दहा वेळा मात्र ती लावाच.

नंतर स्प्रिंगचं टोपण दाबून बुशिंग जागेवर फिरवा. रिकाम्या पिस्तुलावर स्लाइड दोनदा ओढून पाहा. हॅमर चढवून सेफ्टी लावा आणि ट्रिगर ओढा, हॅमर पडता कामा नये. सेफ्टी काढून, मागची ग्रिप सेफ्टी (मुठीच्या मागची दाबपट्टी) न दाबता ट्रिगर ओढला तरीही हॅमर पडता कामा नये. यातलं काही चुकलं तर पिस्तूल बंदूक दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे न्या.

ओरखडा आधीच पडला असेल, तर स्टेनलेसवर तो मूळ घासणीच्याच दिशेने बारीक स्क्रबरने हलका करता येतो. ब्लूइंगवर कोल्ड ब्लूचं (ब्लूइंगसारखा रंग देणारं) द्रावण कापसाच्या काडीने लावता येतं, पण रंग तंतोतंत जुळत नाही. उजेडात तो ठिपका वेगळा दिसतोच.

मी ह्यूस्टनला राहतो. इथली हवा उन्हाळ्यात कोकणासारखी दमट असते. घामेजल्या बोटांचे ठसे ब्लूइंगवर राहिले तर गंज धरतो. म्हणून ठेवताना तेलाच्या फडक्याने सगळं पिस्तूल एकदा पुसतो आणि त्यानंतर उघड्या बोटांनी धातूला हात लावत नाही. चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवून देत नाही, कारण चामडं ओल धरून ठेवतं. कुलपाच्या तिजोरीत सिलिका जेलची पिशवी ठेवतो आणि महिन्याने ती बदलतो.