हायड्राच्या मूलपेशी आणि त्यांची घरटी : स्लाइड कशी करावी, कशी वाचावी

स्टेम सेल म्हणजेच मूलपेशी, स्वतः विभागत राहून इतर प्रकारच्या पेशीही घडवणाऱ्या पेशी, पाहायच्या तर मोठी प्रयोगशाळा, महागडे उष्मपेटीयंत्र आणि परदेशातून मागवलेले पोषक द्रव हवेच, असा समज जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांमध्येही पक्का बसलेला आढळतो. प्रत्यक्षात तळ्यातल्या पाणवनस्पतीवर राहणारा, जेमतेम अर्धा ते एक सेंटिमीटर लांबीचा हायड्रा नावाचा प्राणी, मोजकी साधी रसायने आणि चारशे पट मोठे दाखवणारा सूक्ष्मदर्शक एवढ्या सामग्रीवर एका दुपारी खऱ्याखुऱ्या मूलपेशी डोळ्यांनी पाहता येतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, मूलपेशी पुढे जाऊन दुसरे काही होण्याच्या वाटेला लागली की तिची लेकरे कशी एकत्र, पुंजक्याने राहतात, तेही त्याच स्लाइडवर मोजता येते. ही पद्धत चार्ल्स डेव्हिड यांनी १९७३ साली प्रसिद्ध केली. तिचा गाभा इतका सोपा आहे की महाविद्यालयीन प्रयोगशाळेतही ती नीट जमते.

पुण्याच्या वाचकांना या प्राण्याबद्दल थोडी अधिक आपुलकी वाटायला हरकत नाही. आघारकर संशोधन संस्थेत डॉ. सुरेंद्र घासकडबी यांच्या गटाने हायड्रावर दीर्घकाळ काम केले असून, तिथे वापरला जाणारा एक वाण 'हायड्रा व्हल्गॅरिस इंड-पुणे' या नावानेच ओळखला जातो.

आधी प्राणी मिळवावा आणि रुळवावा

संथ, स्वच्छ पाण्यातील हायड्रिलासारख्या वनस्पतींचे झुबके तळ्याच्याच पाण्यासह काचेच्या रुंद बरणीत आणावेत आणि बरणी खिडकीपाशी, पण थेट ऊन लागणार नाही अशी, एक-दोन दिवस हलवू नये. हायड्रा असतील तर ते उजेडाच्या बाजूच्या काचेवर येऊन चिकटतात आणि भिंगातून बारीक दोऱ्याच्या उसवलेल्या टोकासारखे दिसतात. ड्रॉपरने त्यांना हलकेच उचलून स्वतंत्र भांड्यात घ्यावे. शक्यतो तपकिरी किंवा पांढरट हायड्रा निवडावेत, कारण हिरव्या हायड्राच्या आतल्या थरात शैवाल असते आणि सुटी पडलेली शैवालाची गोळी नवख्या डोळ्याला हमखास चकवते.

नळाचे पाणी वापरू नये. त्यातला क्लोरिन हायड्राला सोसत नाही आणि तांब्याचा अंश तर अगदी थोडा असला तरी घातक ठरतो, म्हणून तांब्या-पितळेचे भांडेही या कामापासून दूर ठेवावे. एक लिटर ऊर्ध्वपातित पाण्यात कॅल्शियम क्लोराइड आणि सोडियम बायकार्बोनेट प्रत्येकी सुमारे १०० मिलिग्रॅम घातले की कामचलाऊ माध्यम तयार होते. आठवड्यातून दोन-तीनदा आर्टेमिया या कोळंबीसारख्या बारीक जीवाची नुकती उबलेली पिल्ले स्वच्छ धुऊन खाऊ घालावीत आणि काही तासांनी पाणी बदलावे. १८ ते २० अंश तापमान उत्तम. ज्या दिवशी स्लाइड करायची, त्याच्या आदले चोवीस तास प्राण्याला उपाशी ठेवावे, नाहीतर पोटातले अर्धवट पचलेले अन्न स्लाइडभर पसरते.

पेशी सुट्या करणे

ग्लिसरीन एक भाग, ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड एक भाग आणि ऊर्ध्वपातित पाणी तेरा भाग, असे द्रावण करावे. ॲसिटिक ॲसिड हाताळताना हातमोजे, चष्मा आणि हवा खेळती असलेली जागा आवश्यक आहे, आणि पुढे लागणाऱ्या फॉर्मॅलिनच्या बाबतीत तर ही काळजी दुप्पट घ्यावी.

पाच ते दहा हायड्रा छोट्या नळीत घेऊन त्यांच्याभोवतीचे पाणी जवळजवळ सगळे काढून टाकावे आणि वरील द्रावणाचे चार-पाच थेंब घालावेत. सुमारे अर्ध्या तासात प्राण्याचा आकार शाबूत दिसत असला तरी पेशींमधली पकड सैल झालेली असते. आता नळीला बोटाने हलक्या टिचक्या माराव्यात. प्राणी विरघळल्यासारखा होऊन द्रव ढगाळ दिसू लागला की थांबावे. येथे घाई करणे हीच सर्वांत महाग पडणारी चूक आहे. मी शिकत असताना ड्रॉपरने जोरजोरात वर-खाली ओढून पेशी सुट्या केल्या होत्या आणि त्या स्लाइडवर मला तीन-तीन, पाच-पाच पेशींचे गट भरपूर मिळाले. तसे गट या प्राण्यात जवळपास नसतातच, ते माझ्या हातांनी फुटलेल्या चारांचे आणि आठांचे तुकडे होते, हे माझ्या मार्गदर्शक बाईंनी वही पाहताच ओळखले.

पेशी सुट्या झाल्या की तेवढ्याच आकारमानाचे आठ टक्के फॉर्माल्डिहाइड घालावे. बाजारातले फॉर्मॅलिन साधारण ३७ टक्क्यांचे असते, त्यामुळे एक भाग फॉर्मॅलिनला साडेतीन भाग पाणी हे प्रमाण पुरते. दहा-पंधरा मिनिटांत पेशी आहे त्या आकारात स्थिर होतात. जिलेटिनच्या पातळ द्रावणात बुडवून वाळवलेल्या स्लाइडवर या द्रवाचा एक थेंब आणि ट्वीन-८०च्या सौम्य द्रावणाचा एक थेंब एकत्र करून दोन सेंटिमीटरच्या चौकोनात अलगद पसरावा आणि धूळ बसणार नाही अशा जागी वाळू द्यावा. ट्वीनमुळे थेंब एका जागी गोळा न होता सपाट पसरतो, आणि पेशी एकमेकींवर न चढता एकाच पातळीत बसतात. वाळल्यावर पाणी मिसळलेल्या ग्लिसरीनचा थेंब घालून कव्हरस्लिप ठेवावी.

सूक्ष्मदर्शकाखाली

सूक्ष्मदर्शकाला फेज कॉन्ट्रास्टची, म्हणजे न रंगवलेल्या पेशींतला तपशील उठावदार दाखवणारी, सोय असेल तर तीच वापरावी आणि कंडेन्सरमधले कडे ऑब्जेक्टिव्हमधल्या कड्याशी नीट जुळले आहे ना, हे बसण्यापूर्वी एकदा तपासावे. हे कडे किंचित जरी सरकलेले असले, तरी केंद्रकाच्या आतला तपशील पुसट होतो आणि पाहणाऱ्याला दोष स्लाइडचा वाटतो. ती सोय नसेल तर ०.०५ टक्के टोल्युइडिन ब्लू या रंगाचा थेंब काही मिनिटे ठेवून धुवावा. मूलपेशींच्या पेशीद्रवात आरएनए भरपूर असल्यामुळे त्या गडद निळ्या होतात आणि साध्या प्रकाशातही उठून दिसतात.

प्रथम १०च्या ऑब्जेक्टिव्हने सगळी स्लाइड फिरून पाहावी. सर्वांत आधी नजरेत भरतात त्या मोठ्या, पोकळ्यांनी भरलेल्या, तळाशी लांब स्नायुशेपट्या असलेल्या बाह्यथराच्या आवरणपेशी. त्यांच्या जोडीला अन्नकणांनी भरलेल्या आतल्या थरातील पचनपेशी आणि दाणेदार ग्रंथिपेशी असतात. बारीक, लांब तंतू पसरलेली एखादी पेशी दिसली तर ती चेतापेशी, आणि चकचकीत अंडाकृती कुपी पोटात घेऊन बसलेली ती दंशपेशी. या सगळ्यांची ओळख पटेपर्यंत मूलपेशी शोधायला जाऊ नये. माणसांच्या गर्दीत ज्याला शोधायचे त्याचा चेहरा माहीत नसेल, तर निदान बाकीचे कोण ते माहीत हवे.

मग ४०च्या ऑब्जेक्टिव्हवर यावे. आपल्याला हवी आहे ती इंटरस्टिशियल पेशी, जिला प्रयोगशाळेत सगळे 'आय-सेल' म्हणतात. आवरणपेशींच्या मधल्या फटींमध्ये ती राहते, म्हणून हे नाव. ती गोलसर असते, मोठे केंद्रक जवळजवळ सगळी जागा व्यापून बसलेले असते आणि भोवती पेशीद्रवाची पातळ कड असते. केंद्रकाच्या आत एक किंवा दोन ठळक केंद्रिका (न्यूक्लिओलस) अशा दिसतात, जणू उकडलेल्या साबुदाण्यात राहिलेला पांढरा ठिपका. फेज कॉन्ट्रास्टमध्ये हा ठिपका गडद दिसतो एवढाच फरक. पोकळ्या नाहीत, शेपटी नाही, कुपी नाही. ही 'नाही'ची यादी ओळखीसाठी केंद्रकाइतकीच उपयोगी पडते.

आता थांबून या पेशीच्या शेजारी कोण आहे ते पाहावे, कारण पुढचे सगळे वाचन शेजाऱ्यांवर अवलंबून आहे. हायड्राच्या मोठ्या आय-सेल एकट्या किंवा जोडीने सापडतात आणि खऱ्या मूलपेशी या दोन वर्गांत असतात. जोडी म्हणजे नुकतीच विभागलेली पेशी. मात्र चार, आठ, सोळा, क्वचित बत्तीस अशा गटात सापडणाऱ्या पेशींनी दंशपेशी होण्याची वाट धरलेली असते. या गटांना 'नेस्ट' म्हणतात आणि आपल्याकडे 'घरटे' हा शब्द त्याला चपखल बसतो. घरट्यातल्या पेशी विभागताना एकमेकींपासून पूर्ण तुटत नाहीत, पेशीद्रवाच्या अरुंद पुलांनी जोडलेल्या राहतात आणि म्हणूनच सगळ्या एकाच वेळी विभागतात. चाराचे घरटे एकदम आठाचे होते, आठाचे सोळाचे. मधला आकडा येतच नाही. शेवटची विभागणी झाली की घरट्यातली प्रत्येक पेशी आपापली दंशकुपी घडवू लागते, कुपी पूर्ण झाल्यावर पूल तुटतात आणि दंशपेशी एकेकटी संस्पर्शकांकडे, म्हणजे तोंडाभोवतीच्या भक्ष्य पकडणाऱ्या सोंडांकडे, निघते.

नशीब चांगले असेल तर एकाच दृश्यक्षेत्रात हा सगळा प्रवास सापडतो. वर कोपऱ्यात ठळक केंद्रिकेची एकटी पेशी, मध्ये लहान केंद्रकांचे आठाचे घरटे, आणि खाली दुसरे घरटे, ज्यातल्या आठही पेशींत सारख्याच मापाची, अजून फिकी असलेली कुपी. एका घरट्यातल्या कुप्या एकाच अवस्थेत असतात, हे पहिल्यांदा पाहताना मी बराच वेळ खुर्चीवरून उठले नव्हते.

मोजणी

स्लाइडवर हवे तिथे फिरून आवडेल ते मोजू नये. शेतकरी नांगर फिरवतो तसे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरळ जावे, थोडे खाली सरकावे आणि परत यावे. वहीत १, २, ४, ८, १६ असे रकाने करावेत आणि त्यांच्या शेजारी आवरणपेशींचा एक रकाना ठेवावा. आवरणपेशी मोजणे कंटाळवाणे असले तरी टाळू नये, कारण थेंबागणिक पेशींची दाटी बदलते आणि दोन स्लाइडची तुलना 'दर आवरणपेशीमागे किती आय-सेल' अशा गुणोत्तरानेच करता येते. निदान दोनशे आय-सेल मोजल्याशिवाय कोणताही निष्कर्ष काढू नये. तीनचा गट आढळला तर तो फुटलेला चाराचा, पाच ते सातचा गट फुटलेला आठाचा, असे धरावे. असे फुटके गट फार दिसू लागले तर मोजणी सोडून नवी स्लाइड करावी. पुंजका खरेच घरटे आहे की योगायोगाने शेजारी येऊन वाळलेल्या पेशी आहेत, हे केंद्रकांच्या मापावरून ठरते. घरट्यातली केंद्रके बहिणींसारखी एकसारखी असतात.

पद्धत आपल्या हाती नीट बसली की नाही, याची एक परीक्षा आहे आणि ती प्रत्येकाने द्यावीच. दोन-तीन हायड्रांचे संस्पर्शक धारदार पात्याने कापून त्यांची वेगळी स्लाइड करावी आणि शरीराच्या मधल्या दांड्याची वेगळी. आय-सेल दांड्यात राहतात, संस्पर्शकांत आणि पायाच्या टोकाला त्या जवळजवळ नसतात. संस्पर्शकांच्या स्लाइडवर दंशपेशींनी खच्चून भरलेल्या आवरणपेशी दिसल्या पाहिजेत. तिथे घरटी सापडू लागली तर कापणी खाली सरकली आहे किंवा ओळख चुकते आहे.

नोंद कशी लिहावी

केवळ दिसण्यावरून एखादी पेशी मूलपेशी ठरत नाही. एकटी दिसणारी मोठी आय-सेल उद्या चेतापेशी होण्याच्या वाटेवरही असू शकते. तिच्यात खरेच अनेक प्रकारच्या पेशी घडवण्याची क्षमता आहे, हे डेव्हिड आणि मर्फी यांनी १९७७ साली दाखवले ते दृष्टीच्या बळावर नव्हे. रसायनाने स्वतःच्या आय-सेल मारून टाकलेल्या हायड्राच्या पेशींच्या गोळ्यात त्यांनी मोजक्याच आय-सेल मिसळल्या आणि एकेका पेशीपासून वाढलेल्या वंशात नव्या आय-सेलबरोबर चेतापेशी आणि दंशपेशीही झाल्या का, हे तपासले. दुसऱ्या बाजूने, कॉल्चिसिन हे पेशीविभाजन रोखणारे रसायन देऊन आय-सेल घालवलेला हायड्रा काही काळाने चेतापेशीही गमावतो, स्वतःहून भक्ष्य पकडू शकत नाही, पण त्याच्या तोंडात हाताने अन्न भरवत राहिले तर तो जगतो आणि वाढतो. याचे कारण असे की त्याच्या दोन्ही थरांतल्या आवरणपेशी (आतल्या थरातली पचनपेशी हीही आवरणपेशीच) स्वतःच मूलपेशी आहेत. आय-सेल साधारण एका दिवसात विभागते तर आवरणपेशीला तीन-चार दिवस लागतात, पण दोघीही विभागत राहतात. म्हणजे स्लाइडवरची ती पोकळ्यांनी भरलेली, स्नायुशेपटीची, पूर्ण 'कमावती' दिसणारी पेशीदेखील मूलपेशीच आहे. पुस्तकातल्या गोलसर, निर्विकार चित्राशी तिचे काहीही साम्य नाही.

म्हणून वहीत पहिल्या दोन रकान्यांवर 'मूलपेशी' असे लिहू नये. 'मोठ्या आय-सेल, एकट्या' आणि 'मोठ्या आय-सेल, जोडीच्या' असे लिहावे, शेजारी केंद्रक आणि केंद्रिका यांचे पेन्सिलने छोटे चित्र काढावे, आणि ऑब्जेक्टिव्ह कोणता होता, प्राणी किती तास उपाशी होता, टिचक्या किती वेळ मारल्या, हे त्याच पानावर त्याच दिवशी नोंदवावे.