शूटच्या आदल्या रात्री: ठरलेले शॉट आणि वरचे शॉट

पहिल्या शॉर्टफिल्मचं शूट उद्या असेल, तर आज रात्री शॉट डिव्हिजनचा, म्हणजे कोणता प्रसंग कोणकोणत्या शॉटांत घ्यायचा त्या यादीचा, कागद काढा आणि प्रत्येक शॉटपुढे तो कशासाठी हवा ते दोन-चार शब्दांत लिहा. ‘आईला चिठ्ठी सापडते’, ‘मुलगा खोटं बोलतोय हे कळतं’, असं. ज्याच्यापुढे काहीच लिहिता येत नाही, तो शॉट वेगळ्या कागदावर जाऊ द्या. उरलेल्यांपैकी ज्यांच्याशिवाय गोष्ट उभीच राहणार नाही, त्यांवर लाल खूण करा.

आता तासांचा हिशेब. कॅमेरा आणि लाइट हलवून नवा सेटअप लावायला नवख्या टीमचा अर्धा तास सहज जातो. आठ ते सहा शूट, मधे तासभर जेवण, म्हणजे अठरा सेटअप. शेजारी ड्रिल सुरू होतं, कलाकार उशिरा येतो, म्हणून त्यातले चार आत्ताच सोडून द्या. राहिले चौदा. लाल खुणांचे शॉट दहा सेटअपमध्ये बसवा, चार वरच्या, म्हणजे जास्तीच्या, शॉटांसाठी राखा. बसत नसतील तर संहिता छाटायला अजून एक रात्र हातात आहे.

त्या चारांत काय घ्यायचं, हेही आजच लिहा. तोच संवाद आणखी एका कोनातून घेण्यापेक्षा मी आधी हात, वस्तू, खिडकी यांचे शॉट घेईन. माझ्या पहिल्या फिल्ममध्ये स्वयंपाकघरातल्या भांडणाचा मास्टर, म्हणजे पूर्ण प्रसंगाचा सलग मोठा शॉट, घेतला, दोघांचे क्लोज घेतले. एडिटला तीन वाक्यं काढायची ठरली, तर कट जुळेना: एका बाजूला कप हातात, दुसऱ्या बाजूला ओट्यावर. गॅसवरच्या दुधाचा पाच सेकंदांचा शॉट असता तर सीन वाचला असता. ते दूध दिवसभर कॅमेऱ्यापासून दोन हातांवर होतं. दुसरा माझा आग्रह ऐकणाऱ्याच्या चेहऱ्याचा. त्याच्या क्लोजमध्ये कॅमेरा पूर्ण संवादभर चालू ठेवा, त्याची वाक्यं संपली म्हणून थांबू नका. एडिटमध्ये वाक्यं काढायची असोत वा दोन टेक जोडायचे, हाच चेहरा कामी येतो.

खोलीचा नकाशा काढून दोन पात्रांमध्ये रेष मारा आणि कॅमेऱ्याच्या सगळ्या जागा तिच्या एकाच बाजूला ठेवा, म्हणजे कट केल्यावरही दोघं एकमेकांकडेच बघताना दिसतील. रडण्याचा प्रसंग असेल तर त्याचा क्लोज आधी घ्या, नवखा कलाकार मास्टरमध्येच रिकामा होतो.

कार्ड रिकामी करा, बॅटऱ्या चार्जिंगला लावा. कॅमेऱ्याचा रेकॉर्डिंगचा वेग १०० एमबीपीएस (सेकंदाला १०० मेगाबिट) असेल तर तासाभराचं फुटेज साधारण ४५ जीबी होतं. ३५ मिमी फिल्मचा ४०० फुटांचा रोल साडेचार मिनिटांत संपायचा, त्यामुळे हात आपोआप आखडायचा. आता तो आपणच आखडायचा, कारण घेतलेला प्रत्येक तास एडिटला बसून बघावाही लागतो.

लाल खुणांचा कागद एकाच माणसाकडे द्या. चार वाजता त्याने मोजायचं. लाल शॉट बाकी असले तर वरचे थांबले, मग मागणारा दिग्दर्शक असो. शेवटी पंखा, फ्रिज बंद करून सगळ्यांनी गप्प उभं राहायचं आणि मिनिटभर खोलीचा आवाज रेकॉर्ड करायचा, एडिटमध्ये संवादांमधल्या जागा भरायला. फ्रिज बंद करताना गाडीची किल्ली त्यातच ठेवा, म्हणजे तो पुन्हा चालू केल्याशिवाय कुणी निघणार नाही.