अल्गॉन्क्विनच्या हिवाळ्यात तंबूत झोपणार असाल तर

सह्याद्रीत भटकण्याची सवय घेऊन कॅनडातल्या ओंटारियोत आलेल्या मराठी मंडळींना पहिल्याच हिवाळ्यात अल्गॉन्क्विन पार्कातील म्यू लेकला तंबू ठोकावासा वाटतो, आणि त्यांनी तो जरूर ठोकावा. मात्र डिसेंबरात हरिश्चंद्रगडावर पुरलेली स्लीपिंग बॅग इथे पुरणार नाही, कारण जानेवारीत रात्रीचा पारा उणे 20 अंशांच्याही खाली उतरतो.

आयएसओ 23537 या मानकानुसार तपासलेल्या बॅगेवर ‘कम्फर्ट’, ‘लिमिट’ आणि ‘एक्स्ट्रीम’ असे तापमानाचे आकडे असतात. त्यांतला शेवटचा केवळ जीव तगण्यापुरता असल्याने निवड कम्फर्टच्या आकड्यावरूनच करावी. तरीही पैसे मोजकेच असतील तर ते आधी मॅटवर खर्चावेत, असे माझे ठाम मत आहे. बॅगेत भरलेल्या पिसांपैकी अंगाखाली दबलेल्या पिसांमध्ये हवा उरत नाही, त्यामुळे बॅग कितीही महाग असली तरी बर्फाळ जमीन पाठीतून ऊब ओढून घेते. मॅटचे आर-मूल्य, म्हणजे उष्णता रोखण्याची क्षमता, किमान 5 असावे; हवेच्या मॅटखाली साधी फोमची मॅट अंथरली तर दोन्हींच्या मूल्यांची बेरीज होते.

खरा घात ओलावा करतो. घरी गोधडी डोक्यावरून ओढून घेण्याची आपली सवय इथे सोडावी लागते, कारण श्वासातली वाफ पिसांत मुरते, पिसांचे गोळे होतात आणि दुसऱ्या रात्री तीच बॅग थंड वाटू लागते. म्हणून बॅगेच्या टोपीची दोरी आवळून नाक आणि तोंड बाहेर ठेवावे, आणि तंबूची वरची झडप थोडी उघडी ठेवावी, म्हणजे छताला हिमकण कमी धरतात. दिवसभर घामेजलेले कपडे अंगावर ठेवून झोपू नये. लोकरीचे थर्मल आणि मोजे यांचा एक कोरडा जोड फक्त झोपेसाठी राखावा. ओले हातमोजे बॅगेत वाळवले तर त्यांचे पाणी बॅगेतच उतरते.

बॅग स्वतः उष्णता निर्माण करत नाही, फक्त अंगाची ऊब धरून ठेवते, म्हणून निजण्यापूर्वी लघवीला जाऊन यावे आणि तुपातला लाडू किंवा शेंगदाण्याची चिक्की खावी. जाड प्लास्टिकच्या बाटलीत गरम पाणी भरून, झाकण गळत नाही ना हे ती उलटी धरून पाहून, मोज्यात घालून मांड्यांमध्ये ठेवावी. शेगडी मात्र तंबूत कधीही पेटवू नये. तिच्यातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

घरी परतल्यावर बॅग पूर्ण वाळवावी आणि घट्ट पिशवीत न कोंबता कपाटात सैल टांगून ठेवावी.