घाटमाथ्यावरच्या अतिवृष्टीच्या नोंदी कशा तपासायच्या

इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, आणि तिथून पन्नासेक किलोमीटरवरच्या सिन्नरकडे तो सहाशेच्या घरात येतो. अशा मुलखात ‘शेजारच्या केंद्राशी जुळत नाही’ एवढ्यावरून मोठा आकडा खोडणे फार महागात पडते. २६ जुलै २००५ च्या पावसात सांताक्रूझला ९४४ मिमी मोजला गेला, तर कुलाब्याला ७५ मिमीसुद्धा नाही. दोन्ही नोंदी खऱ्या. म्हणून शेजारी केंद्राचा कौल अंतिम मानू नका, स्वतंत्र पुरावा शोधा.

दैनिक नोंदींसाठी हवामान विभागाच्या पुणे कार्यालयाकडे रीतसर मागणी करा. मंडळनिहाय आकडे कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावर मिळतात, धरणक्षेत्रातले जलसंपदा विभागाकडे. हवामान विभागाची ०.२५ अंशाची चौकटवार माला (नकाशावर चौकटी पाडून प्रत्येक चौकटीचा सरासरी पाऊस देणारी) सोयीची असली तरी टोकाच्या पावसासाठी ती वापरू नका. एका चौकटीची बाजू पंचवीस किलोमीटरहून मोठी असते. तेवढ्यात घाटाची कड आणि तिच्यामागचा कोरडा पट्टा एकत्र येतात आणि सरासरीत शिखर बुडते.

हाती आलेल्या तक्त्यात आधी तारीख तपासा. हवामान विभागाचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो आणि मोजणी त्या सकाळच्या तारखेवर लिहिली जाते. वरचे ९४४ मिमी त्यामुळे २७ जुलैच्या सकाळच्या मोजणीत येतात. वर्तमानपत्र, धरण आणि पर्जन्यमापक यांच्या तारखा एक दिवसाने सरकलेल्या दिसल्या, तर बहुतेकदा कारण हेच असते.

मग यंत्राकडे वळा. साध्या पर्जन्यमापकाच्या नरसाळ्याचे क्षेत्रफळ १०० किंवा २०० चौरस सेंमी असते आणि प्रत्येकाचे काचेचे मोजपात्र वेगळे. २०० च्या नरसाळ्यातले पाणी १०० च्या पात्राने मोजले, की पाऊस दुप्पट दिसतो. ही चूक एका दिवसापुरती नसते. पात्र बदलल्या दिवसापासून सगळेच आकडे फुगतात. या केंद्राची आणि आसपासच्या तीन-चार केंद्रांच्या सरासरीची साठत जाणारी बेरीज एकमेकांसमोर आलेखावर मांडा. रेषा जिथे मोडते, तिथे बदल झाला आहे. घाटात गुणोत्तर एकास एक नसेलच, पण ते वर्षानुवर्षे साधारण टिकते.

बाटलीची क्षमताही विचारून घ्या. २०० चौरस सेंमीच्या नरसाळ्याखाली चार लिटरची बाटली असेल, तर ती २०० मिमीला भरते. मुसळधार रात्री मधे उठून कोणी मोजणी केली नसेल तर वरचे पाणी वाहून जाते आणि नोंद क्षमतेजवळच अडकते. एकाच केंद्रावर वेगवेगळ्या वर्षांत कमाल आकडा पुन्हा पुन्हा त्याच ठिकाणी थांबत असेल, तर तो ‘किमान एवढा’ असे धरा.

जुलैच्या मध्यात रविवारी शून्य आणि सोमवारी १८० मिमी दिसले, तर दोन दिवसांचे पाणी एकदम मोजलेले असण्याची शंका घ्या. कोरी जागा आणि शून्य यांतला फरक मूळ वहीतच कळतो, संगणकातल्या तक्त्यात नाही. मेट्रिकपूर्व नोंदी इंचात असतात, २५.४ ने गुणा.

स्वयंचलित केंद्रांचा दोष उलट्या बाजूचा. ०.२ मिमी पाऊस भरताच उलटून नोंद करणारी डोलणारी वाटी तासाला १०० मिमीच्या सरीत दर सात सेकंदांनी उलटते आणि उलटताना येणारे पाणी निसटते. ऐन जोराच्या तासातला आकडा म्हणूनच कमी भरतो. नरसाळ्यात पाला अडकला असेल तर सर थांबल्यावरही तासन्‌तास एकसारखा बारीक पाऊस नोंदला जातो. असा आलेख दिसला, की त्या केंद्राची तासाची तीव्रता वापरू नका. जोडीला साधा पर्जन्यमापक असेल तर दिवसाची बेरीज त्याचीच घ्या.

सर्वांत भरवशाचा पुरावा धरणात सापडतो. एक चौरस किलोमीटरवर एक मिमी पाऊस म्हणजे १,००० घनमीटर पाणी. १०० चौरस किलोमीटर पाणलोटावर १०० मिमी झाला तर १० दलघमी (दशलक्ष घनमीटर), म्हणजे सुमारे ०.३५ टीएमसी (अब्ज घनफूट). साठ्यातली वाढ अधिक विसर्ग ही आवक समजा. ११,५७४ क्युसेक (सेकंदाला घनफूट) दिवसभर चालला की एक टीएमसी होतो. जूनमध्ये जमीन बरेच पाणी पिते, त्यामुळे आवक कमी भरली तरी घाबरू नका. ऑगस्टमध्ये भिजलेल्या जमिनीवर मात्र ती पावसाच्या जवळ यायला हवी. आवक पावसापेक्षा जास्त निघाली, तर पर्जन्यमापकांनी कमी मोजले आहे किंवा डोंगराच्या कडेवर केंद्रच नाही. नाशिकजवळच्या गंगापूर धरणासाठी त्र्यंबक आणि तिथल्याच आंबोलीचे आकडे हवेतच. पेठ-सुरगाण्याचे बहुतेक पाणी दमणगंगा, नार, पारकडे पश्चिमेला जाते. ते गोदावरीच्या हिशेबात धरू नका. नाशिकमध्ये गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीपाशी चढलेले पाणी पावसाचे माप म्हणून घेताना गंगापूरचा विसर्ग आणि शहरातल्या नाल्यांचे पाणी आधी वेगळे करा.

आता वर्गवारी. महसूल खात्याची अतिवृष्टी ६५ मिमीला सुरू होते, हवामान विभागाचा सर्वांत वरचा वर्ग २०४.५ मिमीपासून. इगतपुरीत जुलैमध्ये ६५ मिमीचे विशेष काही नसते, येवल्यात तेवढ्याने शेते वाहून जातात. प्रत्येक केंद्राचा उंबरठा त्याच्याच जुन्या नोंदींतून काढा.

शेवटी दर वर्षाचा एकच कमाल दैनिक आकडा घेऊन गुंबेल पद्धत (दुर्मिळ मोठ्या पावसाचा अंदाज काढण्याची संख्याशास्त्रीय रीत) लावा: सरासरी अधिक गुणक गुणिले प्रमाण विचलन. नमुन्यादाखल सरासरी १५० आणि विचलन ५० धरू. शंभर वर्षांतून सरासरी एकदा येणाऱ्या पावसासाठी, नोंद अमर्याद लांब धरणारा पुस्तकी गुणक ३.१३७ वापरला तर ३०७ मिमी येतात. पण नोंद तीसच वर्षांची असेल तर गुणक ३.६५ लागतो आणि उत्तर ३३३ होते. साडेआठच्या मोजणीने सरीचे दोन तुकडे होतात, म्हणून कोणत्याही सलग २४ तासांसाठी त्याला १.१३ ने गुणतात: ३७६ मिमी. मोरी किंवा सांडव्याच्या हिशेबात ३०७ नव्हे, हा आकडा घ्या.