फॅसिलिटेटर म्हणून जाताय? आधी एवढी तयारी करा

कामगारांनीच आपल्या कामाच्या जागेतल्या सुधारणा सुचवायच्या, असं हे सेशन; फॅसिलिटेटरने फक्त त्यांना बोलतं करायचं. सेशनच्या चार-पाच दिवस आधी कामाच्या जागेवर एक चक्कर मारायचीच, परवानगी घेऊन फोटो काढायचे, आणि तेही चांगल्या गोष्टींचे. उघड्या वायरीचा फोटो दाखवला की ज्याच्या मशीनचा फोटो त्याचं तोंड उतरतं आणि बाकीचे गप्प. पण कोणी स्वतःच्या डोक्याने स्टुलाला फळी ठोकून पाय टेकायची सोय केलीय, कोणी बोर्डावर प्रत्येक पान्याचा आकार आखून ठेवलाय म्हणजे कुठला जागेवर नाही ते लांबून कळतं, असे आठ-दहा फोटो लावले की माणसं आपणहून बोलायला लागतात.

मग चेकलिस्ट. आयएलओने (आंतरराष्ट्रीय कामगार संघटना) अर्गोनॉमिक्सच्या, म्हणजे काम माणसाच्या शरीराला सोयीचं करायच्या शास्त्राच्या, आंतरराष्ट्रीय संघटनेबरोबर काढलेल्या 'अर्गोनॉमिक चेकपॉइंट्स'च्या २०१०च्या आवृत्तीत १३२ मुद्दे आहेत, ते सगळे कोणी भरत बसणार नाही, तिथल्या कामाला लागू पडणारे तीसेक निवडा. एक घोळ हमखास होतो, तिथे प्रश्न असतो 'सुधारणा सुचवता का' आणि लोक 'नाही' म्हणजे 'इथे वाईट आहे' असं समजून टिक करतात, खरं तर 'नाही' म्हणजे आत्ता काही करायची गरज नाही. म्हणून एक मुद्दा सगळ्यांसमोर मोठ्याने भरून दाखवा.

मॅनेजमेंटशी आधीच बोलून घ्या की हा वेळ ड्युटीतच धरायचा आणि किती खर्चापर्यंतच्या सुधारणा लगेच मंजूर होतील, नाहीतर लोक सुचवणार आणि कागद फाईलला लागणार. गट पाच-सहा जणांचे, सुपरवायझर वेगळ्या गटात, रात्रपाळीवाले विसरू नका (ते कायम विसरले जातात). प्रत्येक गटाने तीन चांगल्या गोष्टी आणि तीन सुधारणा सांगायच्या, बस.

सगळ्यात अवघड तयारी तोंड बंद ठेवायची. 'तुम्हीच सांगा ना' म्हणतील, तेव्हा मनात दहा अंक मोजा. जड क्रेट टेबलावर चढवायचे असतील तर आपल्या डोक्यात लगेच लिफ्टर येतो, आणि मागे उभा असलेला एखादा म्हणतो ट्रॉली टेबलाएवढी उंच करा, क्रेट सरकवता येईल, उचलायचाच कशाला. हे आपण आधीच बोललो असतो तर त्याचं राहिलंच असतं. पण मशीनचा गार्डच नाहीये किंवा केमिकल गळतंय असं दिसलं तर गटात चर्चा-बिर्चा नाही, तिथल्या तिथे इन्चार्जला सांगून काम थांबवायचं.

शेवटी कोण, काय, कधीपर्यंत हे तिथेच भिंतीवर लिहून घ्या, त्यातली एक तरी सुधारणा पडून असलेल्या सामानातून आठवड्यात होणारी हवी, आणि पुन्हा यायची तारीख उठायच्या आत ठरवा. सुधारायच्या जागेचा 'आधी'चा फोटो जिथे उभं राहून काढलात तिथे जमिनीवर खडूची खूण करून ती वहीत नोंदवा, खडू पुसला जातो आणि 'नंतर'चा फोटो त्याच जागेवरून हवा असतो.